जेवायला बोलावताय? आग्रह फोनवर करा, ताटावर नको

आजचा भाग जरा घरगुती आहे. मित्रांना रात्री घरी जेवायला बोलावलं, तर यजमान म्हणून आपण नेमकं काय करायचं? ऑर्डर करून चार डबे टेबलावर उघडणार असाल तर हा भाग सोडून द्या. स्वतः रांधणार असाल तर ऐका.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर टीममधल्या पाच जणांना बोलावलं होतं. भरली वांगी, खमंग काकडी, वरण-भात, पोळ्या. आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं केलं, त्यामुळे मी हवेतच होतो. त्यातला एक मित्र कोलकात्याचा. बसताना त्याने हिंदीत विचारलं, "इसमें बादाम तो नहीं है ना?" मी हसलो. वांग्यात बदाम कोण घालतं? "बिलकुल नहीं," म्हणालो, आणि तो पुरे म्हणत असताना अजून दोन वांगी त्याच्या ताटात वाढली. अरे घे रे, लाजतोस काय!

दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले. मग घसा. मग त्याला श्वास घेताना त्रास व्हायला लागला.

बंगालीत बोलताना शेंगदाण्यालाही बादामच म्हणतात. आठवा, २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी ज्याच्यावर रील बघितले ते 'कच्चा बादाम'. बीरभूम जिल्ह्यातले भुबन बाद्यकर गावोगाव फिरून कच्चे शेंगदाणे विकायचे, त्यांचं ते गाणं. बदामाचा संबंधच नाही! मी त्यावर नाचलोही होतो, पण अर्थ कळला तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून. तिथे डॉक्टरांनी त्याला मांडीत एपिनेफ्रिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. तो बरा झाला. मी मात्र त्या रात्रीनंतर 'आग्रह' या शब्दाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आता आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे कुठे असतो ते मोजा. कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, साबुदाण्याची खिचडी, कितीतरी पालेभाज्या. आपल्याला तो दिसतच नाही, मीठ दिसत नाही तसा. म्हणून पाहुण्याला "तुला काही चालत नाही का रे?" असं मोघम विचारून उपयोग नाही. उत्तर ठरलेलं असतं: "नाही नाही, सगळं चालतं." तो संकोच आहे, माहिती नव्हे. मी आता दोन दिवस आधी फोन करतो आणि जिन्नस नाव घेऊन विचारतो. शेंगदाणे? काजू-बदाम? तीळ? खोबरं? दूध? गहू? कांदा-लसूण? दोन मिनिटं लागतात. भाषा वेगळी असेल तर सरळ फोटो पाठवतो.

कुणाला खरंच अ‍ॅलर्जी असेल तर वरून कूट न भुरभुरणं पुरत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट केला ते नीट धुवा, चमचे वेगळे ठेवा, घाण्याचं शेंगदाणा तेल त्या दिवशी बाजूला ठेवा. गहू चालत नाही म्हणून भाकरी केलीत तर हिंगाची डबी उलटून बघा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आणि मैत्रीण जैन असेल, सूर्यास्तानंतर जेवत नसेल, तर रात्रीचा बेत कशाला? रविवारी दुपारी बोलवा. नुसता बटाटा टाळला म्हणजे तिची सोय झाली असं होत नाही.

मग ताटावर काय करायचं? आपली जुनी पद्धत खरंतर छान आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे थोडं थोडं खायचं ते. उजवीकडे भाजी, आमटी. पहिल्यांदा कमी वाढायचं आणि म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." पुढे एकदा "वाढू का?" विचारायचं. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की विषय संपला. तिथून पुढे जे होतं त्याला आपण प्रेम म्हणतो, पण समोरच्याचं पोट त्याचं असतं. माझ्या आजीला हे पटणार नाही, माहीत आहे.

अजून एक. यजमानाने सोबत बसावं. आमच्याकडे आई कायम शेवटी जेवायची, ओट्याजवळ, उरलेल्या आमटीत पोळी कुस्करून, आणि बाहेर आमच्या गप्पा रंगलेल्या असायच्या. गरम पोळ्यांचा बेत केलात की एक माणूस गॅसपाशी अडकतोच. त्यामुळे मी मसालेभात, टोमॅटोचं सार, मठ्ठा असा बेत करतो. सगळं साडेसातपर्यंत तयार. वेळ साडेसातची दिली तर लोक सव्वाआठला येतात, ते धरूनच चला. दिवसभर चालणारी कामं, म्हणजे पार्किंग, गेटवर नावं देणं, बाथरूममध्ये स्वच्छ टॉवेल, ती आधीच उरकून टाका.

गेल्या महिन्यात तो कोलकात्याचा मित्र पुन्हा आला. काकडीत कुटाऐवजी ओलं खोबरं होतं. त्याने इंजेक्शन खिशातून काढून टेबलावर ठेवलं, ते कसं टोचायचं हे आम्हा सगळ्यांना दाखवलं, आणि मग चमचा उचलला. मी वाढायला गेलो नाही. काकडी त्याने स्वतःच दोनदा घेतली.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी कूट आणखी कशाकशात पडतो, ते नक्की कळवा.