मैदानापासून न्यायासनापर्यंत

शरीर कमावणाऱ्या मनुष्याची बुद्धि जड असावयाचीच, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मुलगा तालमींत अधिक रमूं लागला कीं आजोबा चष्म्यावरून पाहूं लागतात, आणि 'खेळून कां कोणाचें पोट भरलें आहे?' हा प्रश्न माजघरापर्यंत ऐकूं येतो. या प्रश्नाचें एक उत्तर आम्हांस अमेरिकेंत सांपडलें. तें उत्तर सोपें नाहीं, आणि सर्वस्वीं खेळाच्या बाजूचेंहि नाहीं. म्हणूनच तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

फुटबॉल म्हटला कीं पायानें चेंडू मारणारे खेळाडू आपल्या डोळ्यांपुढें येतात. अमेरिकेंतील फुटबॉल हा निराळाच खेळ होय. शंभर वार लांबीच्या मैदानावर दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चेंडू लांबट असून तो बहुधा हातांतच असतो. चढाई करणाऱ्या पक्षानें चार डावांत दहा वार जमीन जिंकावयाची; जिंकली तर आणखी चार डाव मिळावयाचे, न जिंकली तर चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा. या दहा वारांसाठीं जी झुंज लागते, तिच्या अगदी तोंडावर बचावपंक्तींतील धिप्पाड गडी असतात. समोरच्या तितक्याच धिप्पाड गड्यास बाजूस सारून, चेंडू फेंकणाऱ्या नायकास तो फेंकण्यापूर्वींच गांठावयाचें, आणि चेंडू घेऊन धांवणारास वाटेंतच लोळवावयाचें, हें त्यांचें काम. या कामांत बळ लागतें, परंतु चेंडू हालतांक्षणींच उसळी घेण्याची चपळाई त्याहूनहि अधिक लागते. ॲलन पेज या गृहस्थांचें नांव झालें तें या चपळाईमुळें.

पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजीं ओहायो संस्थानांतील कॅंटन या गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. शिक्षणावांचून गति नाहीं, हें आईबापांनीं मुलांच्या मनावर बिंबविलें होतें. सन १९५४ मध्यें अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें गोऱ्या व काळ्या मुलांच्या निराळ्या शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. त्या वेळीं ॲलन अवघा आठ वर्षांचा होता. परंतु कायद्याचें सामर्थ्य आपणांस या निकालानें उमगलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. तथापि पहिली संधि चालून आली ती खेळाची. शाळेंत असतांना सुटींत ते एका इमारतीच्या बांधकामावर मजुरीस जात. फुटबॉलांतील थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ कॅंटन येथें १९६३ सालीं उघडलेलें भवन तें हेंच. या भवनाशीं त्यांचा संबंध पुढें पुन्हां येणार होता.

नोटर डेम विद्यापीठाच्या संघांतून खेळतांना १९६६ सालीं त्यांच्या संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें. राज्यशास्त्राची पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि १९६७ सालीं मिनेसोटा व्हायकिंग्ज या धंदेवाईक संघांत दाखल झाले. जिम मार्शल, कार्ल एलर, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांची बचावपंक्ति इतकी दरारा बसविणारी ठरली कीं, संघाच्या जांभळ्या पोशाखावरून लोक तिला 'जांभळे नरभक्षक' म्हणूं लागले. सन १९७१ मध्यें असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें त्यांस संपूर्ण संघटनेंतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविलें. बचाव करणाऱ्या गड्यास हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर हा मान बचावाच्या एकाच गड्यास मिळाला. तो म्हणजे १९८६ सालीं लॉरेन्स टेलर यांस.

या यशास एक कडू किनारहि आहे. वर्षअखेरच्या अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पेज यांचा संघ १९७०, १९७४, १९७५ व १९७७ या सालीं, म्हणजे चार वेळां पोंचला आणि चारहि वेळां हरला. शिवाय नायकास गांठून पाडण्याची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली जाऊं लागली, आणि पेज १९८१ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. म्हणजे ज्या कामासाठीं त्यांची ख्याति, त्या कामाचा अधिकृत आंकडाच नाहीं!

परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो मैदानाबाहेरचा एक प्रसंग. पेज यांनीं तो स्वतःच व्याख्यानांतून सांगितला आहे. संघाच्या बैठकींत शिक्षकानें एकदां डावपेंचांची वही प्रत्येक खेळाडूकडून मोठ्यानें वाचून घेतली. कांहींनीं ती सहज वाचली; कांहीं अडखळले; आणि कांहींना ती मुळींच वाचतां येईना. हीं सर्व माणसें महाविद्यालयांतून आलेलीं! त्यांच्या शरीराकडे पाहून शाळेनें वर चढविलें, विद्यापीठानें वर चढविलें, आणि अक्षरओळख नीट झाली कीं नाहीं हें कोणीच पाहिलें नाहीं. जोंवर गुडघा शाबूत, तोंवर टाळ्या. तो मोडला कीं वाचतां न येणारा मनुष्य रस्त्यावर. या प्रसंगाचा पेज यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

स्वतः पेज कायद्याच्या शिक्षणाकडे वळले ते खेळ चालू असतांनाच. खेळाच्या आरंभींच्या काळांत एकदां वर्गांत नांव घालून त्यांनीं तें थोड्याच दिवसांत काढून घेतलें होतें. अपयशानें न लाजतां त्यांनीं पुन्हां आरंभ केला, आणि १९७८ सालीं मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. याच सुमारास पत्नी डायेन यांनीं धूम्रपान सोडण्यासाठीं धांवण्याचा व्यायाम आरंभिला. त्यांच्या जोडीनें पेजहि मैलोगणती धांवूं लागले. त्यांचें वजन सुमारें २४५ पौंडांचें वीसएक पौंडांनीं उतरलें. प्रकृति सुधारली, परंतु बचावपंक्तींतील गडी हलका होणें संघशिक्षक बड ग्रँट यांस मानवलें नाहीं. आतां हा खेळाडू आपल्या कसोटीस उतरत नाहीं, असें ठरवून ऑक्टोबर १९७८ मध्यें, भर हंगामांत, त्यांस मोकळें करण्यात आलें. अकरा वर्षांहून अधिक सेवेनंतर शिकागो बेअर्स या संघानें त्यांस अवघ्या शंभर डॉलरांच्या ठराविक शुल्कावर उचललें.

दुसरा कोणी असता तर खचला असता. पेज शिकागोच्या संघांतून आणखी तीन वर्षें खेळले. सन १९७९ मध्यें ते सव्वीस मैलांची मॅरेथॉन शर्यत पुरी धांवले; धंदेवाईक फुटबॉल खेळत असतांना अशी शर्यत पुरी करणारा पहिला खेळाडू म्हणून त्यांची नोंद आहे. पंधरा हंगामांत ते २१८ सामने खेळले. एकहि चुकविला नाहीं. उजव्या-डाव्या हातांचीं बोटें किती वेळां निखळलीं याचा हिशेब वेगळाच. त्यांची एक करंगळी आजहि काटकोनांत बाहेर वळलेली आहे. शिक्षिका असलेल्या कन्येसह त्यांनीं २०१३ सालीं त्या करंगळीवरच मुलांसाठीं एक मौजेचें पुस्तक लिहिलें.

सन १९८८ मध्यें कॅंटनच्या त्या भवनांत त्यांस सन्मानाचें स्थान मिळालें. ज्या इमारतीस तरुणपणीं हात लावला, तींतच आतां त्यांची प्रतिमा बसली. अशा प्रसंगीं खेळाडूचा परिचय बहुधा एखादा संघशिक्षक करून देतो. पेज यांनीं मिनिआपोलिस येथील एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांस पाचारण केलें, आणि भाषण केलें तें शिक्षणावर. त्याच वर्षीं पतिपत्नींनीं पेज एज्युकेशन फाउंडेशन ही संस्था काढली. मिनेसोटांतील कृष्णवर्णीय व इतर गौरेतर विद्यार्थ्यांस ती उच्च शिक्षणासाठीं साहाय्य देते; परंतु एका अटीवर. मदत घेणाऱ्यानें आपल्याहून लहान शाळकरी मुलांस शिकविलें पाहिजे. विद्येचें ऋण विद्येनेंच फेडावें, हा विचार आपल्या वाचकांस परका वाटणार नाहीं.

न्यायासनाची वाटहि सरळ नव्हती. मिनेसोटांत वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति लोकांच्या मतांनीं निवडले जातात. सन १९८५ पासून सरकारी वकील म्हणून काम करणारे पेज १९९२ सालीं उमेदवार म्हणून उभे राहूं पाहत असतां, गव्हर्नरनें एका विद्यमान न्यायमूर्तींची मुदतच वाढवून दिली, आणि त्या जागेची निवडणूक नाहींशी झाली. मैदानावर असतां त्यांनीं अडथळा अंगानें सारला असता; येथें त्यांनीं दावा लावला. न्यायमूर्तींचाच प्रश्न असल्यामुळें तो निराळ्या मंडळापुढें चालला, निकाल पेज यांच्या बाजूनें लागला, निवडणूक झाली आणि ते विजयी झाले. जानेवारी १९९३ मध्यें ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ति झाले, आणि ऑगस्ट २०१५ मध्यें, वयाची सत्तर वर्षें पुरी होतांच, नियमानुसार निवृत्त झाले.

विश्रांति मात्र त्यांनीं घेतली नाहीं. सन २०१७ मध्यें मिनिआपोलिस येथील एका शाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. पत्नी डायेन २०१८ सालीं निवर्तल्या. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांस मिळाला. सन २०२० मध्यें नील काश्करी या बँकाधिकाऱ्यांसह, उत्तम सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क ठरवावा, अशी घटनादुरुस्ति त्यांनीं मिनेसोटापुढें मांडली. हे काश्करी मूळच्या काश्मिरी घराण्यांतले, हें वाचून आपल्याकडील मंडळींस कौतुक वाटेल.

आतां आजोबांच्या प्रश्नाकडे वळूं. खेळून पोट भरतें काय? पेज यांचें भरलें. पुष्कळांचें भरत नाहीं. परंतु त्यांच्या चरित्रांतून आम्हांस जो बोध होतो तो वेगळा आहे. मुलगा तालमींत जातो म्हणून काळजी करूं नये. तालमीवर भुलून त्याचें वाचन सुटलें आणि घरांत तें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं, तर काळजी करावी. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या अंगीं नांदूं शकतात, हें पेज यांनीं दाखविलें आहे. संध्याकाळीं घामानें निथळत घरीं आलेल्या नातवास आजोबांनीं रागें न भरतां पाणी द्यावें, आणि दिवा लागल्यावर पुस्तक घेऊन त्यास जवळ बसवावें.