मेढ, आढं आणि कारवी

अंबरनाथला पाहुणा आला की त्याला शिवमंदिर दाखवतात. शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं ते देऊळ पाहण्यासारखं आहेच. बदलापूरहून बारवीमार्गे मुरबाडकडे जाताना रस्त्याकडेला दिसणाऱ्या जुन्या गोठ्यापाशी मात्र कुणी गाडी थांबवत नाही. गोठा म्हणजे वास्तुकला, हे आपल्या डोक्यातच बसत नाही.

इंग्लंडात ते बसलं आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला खेटून हार्मंड्सवर्थचं धान्याचं कोठार उभं आहे. 1426-27 मध्ये बांधलेलं, जवळजवळ 58 मीटर लांबीचं, ओक लाकडाच्या सांगाड्याचं. जॉन बेट्जमन या कवीने त्याला मिडलसेक्सचं कॅथेड्रल म्हटलं होतं. एवढं अवाढव्य छप्पर लागलं ते हवामानामुळे. तिथे पीक कापणीनंतरही पावसाचा भरवसा नाही, म्हणून पेंढ्या आत रचायच्या आणि समोरासमोरच्या दोन दारांमधल्या जमिनीवर हिवाळाभर झोडपणी करायची. दारांतून येणारा वारा भुसा उडवून नेई.

इकडे उल्हास नदीच्या खोऱ्यात हिशेब उलटा. भात कापणीला येतं तोवर पाऊस सरलेला असतो. खळं उघड्यावर सारवायचं, तिथेच झोडायचं, तिथेच वारवायचं. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याने झोडपणीसाठी छप्पर कधी घातलंच नाही. त्याची सगळी अक्कल लागली ती वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ओतणाऱ्या चार महिन्यांसाठी. या काळात गुरं, पेंढा, सरपण आणि औजारं कोरडी ठेवायची होती.

गोठ्याची रचना साधी, पण ढिली नाही. वर बेचकं असलेला खांब म्हणजे मेढ. मधल्या उंच मेढींवर आढं, बाजूच्या बुटक्या मेढींवर आडवे पाट, त्यावर वासे. बेचक्यातच लाकूड बसत असल्याने खिळा लागत नाही. बांधायला दोर किंवा वेल पुरतो. घराच्या बाबतीत सुतार येतो. खांबाच्या डोक्याला कुसू काढून तो तुळईच्या भोकात बसवायचा आणि पाचर मारायची. घराचा खांब तळखड्याच्या दगडावर उभा राहतो, त्यामुळे जमिनीची ओल आणि वाळवी थेट लाकडाला भिडत नाही. गोठ्याची मेढ मात्र सरळ जमिनीत पुरलेली, म्हणून ती आधी बुडाशी कुजते आणि बदलावी लागते. खांबाला ऐन किंवा साग, वाशांना बांबू. हा बांबू आधी पाण्यात मुरवतात. त्यातला पिष्टांश धुऊन गेला की भुंगा लागत नाही.

भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या बांबूच्या कांब्यांत आवळायच्या आणि वरून शेण-मातीचा हात फिरवायचा. गोठ्यात वरचा पट्टा मुद्दाम न लिंपता सोडतात, म्हणजे हवा खेळते. कारवी, सात-आठ वर्षांनी फुलून मरणारं हे डोंगरउतारावरचं झुडूप, फुकटात मिळे. कूड भार घेत नाही, ही यातली खरी खुबी. उल्हासला पूर येऊन माती वाहून गेली तरी छप्पर सांगाड्यावर तसंच उभं राहू शकतं. पाणी ओसरलं की पुन्हा लिंपायचं. इंग्लंडातही हेच तंत्र होतं, फक्त तिथे कारवीऐवजी हेझलच्या फांद्या.

छपरावर आधी गवत असे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं कोकणभर पसरली. गवताला तीव्र उतार लागतो, कौलाला कमी चालतो. पण कौल जड, म्हणून वासेही जाड आणि सरळ हवेत. तशा लाकडासाठी जंगलाकडे पाहावं तर जंगल सरकारी. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने तर स्वतःच्या बांधावरचा साग, ऐन किंवा किंजळ तोडायलाही परवानगी बंधनकारक केली. झाडं वाचवायला कायदा हवाच होता, पण लाकडी बांधकामाची परंपरा त्याने अवघड केली हेही खरं.

बाकीचं काम शहराने केलं. 1949 मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं, अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरच्या भातशेतांत इमारती चढल्या. उरलेल्या गोठ्यांच्या जागी लोखंडी अँगल आणि पत्रे आले. पत्र्याला वाळवी लागत नाही, दरवर्षीची डागडुजी वाचते. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणं शहरी लाड होईल. पण एप्रिलच्या दुपारी पत्रा तापला की म्हैस धापा टाकते आणि दुधाला कमी येते. काही जण मग पत्र्यावर पेंढा पसरतात.