चढावर सायकल चालवताना

स्पेनच्या मायोर्का बेटावर त्रामुंतानाचे डोंगर आहेत. पाइन आणि ओकची झाडी, खाली निळा समुद्र. तिथल्या सा कालोब्राच्या वळणावळणाच्या रस्त्यावर जगभरचे सायकलवाले येतात. आधी उतार, मग समुद्रापासून परत सुमारे ९.५ किलोमीटरचा चढ. या रस्त्यावर शरीरात काय होते?

चढावर मांड्यांना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जोरात धावते. जड गियर रेटला की गुडघे दुखावतात. हलका गियर लावा, पाय भरभर फिरवा. दोन वाक्ये बोलता येतील इतकाच दम लावा. चढावर वेग कमी, वारा लागत नाही, अंग तापते. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या.

उतारावर उलटे होते. घामाने भिजलेले अंग वाऱ्याने गारठते, बोटे आखडतात, ब्रेक नीट दाबला जात नाही. म्हणून उतरण्याआधी जाड सदरा चढवा. वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.

उड्डाणपुलावर सायकल रेटत कामाला जाणाऱ्या आपल्या माणसालाही हेच लागू. छातीत दाब, चक्कर किंवा डाव्या हातात कळ आली तर ‘एवढा चढ संपवू’ म्हणू नका. थांबा, बसा, १०८ला फोन करा.