धांवत्या लहरींचें तोलमाप



राजापेठेंतील आमच्या घरीं एक जुनी ध्वनिफीत होती. तींत माझ्या आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओंव्या होत्या. फीत जीर्ण होऊं लागली, म्हणून मीं ती एका दुकानांत देऊन तिचें अंकांत रूपांतर करून घेतलें. घरीं येऊन ऐकतों तों आवाज आजीचाच, पण प्रत्येक 'स' आणि 'श' पाशीं मूळ फितींत कधींहि नसलेली कर्कश शीळ! असें कां व्हावें, याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

ध्वनि ही हवेंतील लहर. ध्वनिग्राहक तिचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा चढउतार सलग असतो; संगणकाला मात्र सुटे अंक हवे असतात. म्हणून ठरावीक काळानें विजेचा दाब मोजून त्याचा आंकडा मांडणारें एक यंत्र मध्यें बसवावें लागतें. त्यास आपण अंकमापक म्हणूं.

या यंत्राची एक प्रचलित रीत थेट सराफाच्या तराजूसारखी आहे. पूर्ण दाबाचे ४०९६ भाग पाडले आहेत असें समजा. प्रथम २०४८ चें वजन टाकून पाहावयाचें. जड झालें तर काढावयाचें, नाहीं तर राहूं द्यावयाचें. मग १०२४, मग ५१२, असें करीत बारा वजनांत माल तोलून होतो. हें सर्व सेकंदाच्या एक लक्षांश भागांत उरकतें असें धरूं. एवढी चपळाई पाहून कोणासहि वाटेल कीं, मनुष्याचा आवाज तोलणें हा या यंत्राच्या हातचा मळ. हिशेब मात्र निराळेंच सांगतो. पारड्यांत तुपाची धार चालूच असेल, तर शेवटचें वजन टाकीपर्यंत पहिल्या वजनांचा निकाल खोटा ठरतो. तोल पुरा होईपर्यंत दाब एका भागाहून अधिक हलतां कामा नये, अशी अट घातली, तर पूर्ण उंचीची लहर सेकंदाला सुमारें ८ वेळांच आंदोलूं शकते. आठ! सतारीची तार राहूं द्या, देवळांतील घंटेचा घुमारा देखील याहून कितीतरी वेगवान् असतो.

उपाय साधा आहे. तोलण्यापूर्वीं धार बंद करावयाची. अंकमापकाच्या तोंडाशीं एक लहानसा कंडेन्सर आणि एक कळ बसवितात. कळ जोडलेली असते तोंवर कंडेन्सरवरील दाब लहरीमागोमाग चढतो, उतरतो; ती तोडली कीं त्या क्षणींचा दाब तेथेंच अडकून राहतो आणि बारा वजनांचा तोल निवांतपणें चालतो. या युक्तीनें मर्यादा आठांवरून हजारोंच्या घरांत जाते.

आतां सारा भार कळ तोडण्याच्या क्षणावर पडतो. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतील रेडिओलहरी टिपतात. नूतनीकरणानंतर तेथें ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा सेकंदाला ८० कोटी वेळां मोजतां येतो. अशा घाईच्या कामीं एकामागून एक वजनें टाकण्यास सवड कोठली? कित्येक जलद अंकमापकांत सर्व तराजू एकदमच मांडतात; २५६ पायऱ्यांसाठीं २५५ तुलनायंत्रें एकाच क्षणीं आपापला कौल देतात. पण सेकंदाला ४० कोटी आंदोलनांची पूर्ण उंचीची लहर एका पायरीच्या आंत बिनचूक पकडावयाची, तर क्षण निवडण्यांत सेकंदाच्या एक लाख कोटींश भागाचे सुमारें तीनच भाग मागें-पुढें झालेले चालतात. तेवढ्या अवधींत प्रकाशहि जेमतेम एक मिलिमीटर चालतो.

माझ्या फितींतील शीळ मात्र या कशानेंच उलगडत नाहीं. तिचें मूळ सिनेमांत उलट्या फिरणाऱ्या टांग्याच्या चाकांत आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रें उमटतात. दोन चित्रांमधल्या काळांत चाकाचा एक आरा बरोबर पुढच्या आऱ्याच्या जागीं आला, तर चाक स्तब्ध दिसतें. किंचित् अलीकडे राहिला, तर उलट फिरतांना दिसतें. लहरीचेंहि तसेंच. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं तारायंत्राच्या संदर्भांत ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं ज्याची सिद्धता मांडली, तो नियम असा कीं, सर्वांत जलद लहरीच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप झालें पाहिजे. टेलिफोनसाठीं सेकंदाला ८००० मापें घेण्याची रीत रूढ झाली. म्हणजे ४००० च्या आंतील आंदोलनांसच वाव. 'स'काराची सळसळ ५००० च्या वर सहज जाते. ५००० ची लहर ८००० मापांत शिरली कीं ती ३००० चें सोंग घेते, आणि खऱ्या ३००० पासून तिला मग कोणीहि वेगळी काढूं शकत नाहीं. म्हणून मोजण्यापूर्वींच विजेची चाळणी लावून ती वगळावी लागते. अंक मांडून झाल्यावर लावलेली चाळणी व्यर्थ.

आमच्या दुकानदारानें फीत ४८,००० च्या दरानें नीट मोजली होती. पण जागा वांचविण्यासाठीं, चाळणी न लावतां, प्रत्येक सहा मापांतील पांच गाळून टाकलीं. ही काटकसर फार महाग पडते. संगीताच्या सी.डी.साठीं ४४,१०० हा दर ठरला, कारण मनुष्याचा कान सुमारें २०,००० आंदोलनांपर्यंत ऐकतो आणि वर चाळणीसाठीं थोडी जागा लागते. वऱ्हाडांत ज्यांच्या घरीं अशा फिती असतील, त्यांनीं निदान ४८,००० चा, शक्य तर ९६,००० चा दर मागावा, आणि मापें गाळूं देऊं नयेत.

सुदैवानें मूळ फीत मीं टाकून दिली नव्हती. ती ९६,००० च्या दरानें पुन्हां उतरविली. मात्र दोन ओंव्यांच्या जागीं तोंवर फितीवरचा लेपच झडला होता. तेथें पहिल्या उतरवणींतील शीळमिश्रित आवाजच काय तो आतां शिल्लक आहे.