चाळीस बटणं, तेरा तारा

१९८२ साली इंग्लंडमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आला. त्याची ४० बटणं रबरी, आणि खाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. जुना झाला की हा पापुद्रा कडक होऊन तडकतो. मग यंत्र धड असूनही अक्षर उमटत नाही. म्हणून हौशी लोक नवा कीबोर्ड स्वतः बनवतात.

त्याला ४० तारा लागत नाहीत. मागावरच्या धाग्यांसारख्या ८ तारा उभ्या, ५ आडव्या, एकमेकींना न शिवता. आठ पंचे चाळीस! दोन तारांच्या प्रत्येक फुलीवर स्प्रिंगचं एक बटण. ते दाबलं की त्या दोघी जोडल्या जातात आणि संगणक अक्षर ओळखतो. पुढे एखादं बटण बिघडलं, तर तेवढंच बदलायचं. अख्खं यंत्र भंगारात कशाला?