लॅग : प्रकाशाच्या वेगाला दिलेली हुलकावणी

‘काउंटर-स्ट्राइक’ या ऑनलाइन गेममध्ये भिंतीआडून शत्रू डोकावताना दिसतो, तेव्हा तो खरं तर तिथे नसतो. पडद्यावर दिसतो तो त्याचा काही क्षणांपूर्वीचा भूतकाळ. तुमचा स्वतःचा सैनिक मात्र कळ दाबताच हलतो. सर्व्हरने अजून मान्यही न केलेल्या भविष्यात तो वावरत असतो. एकाच पडद्यावर दोन निरनिराळे काळ नांदत असतात आणि त्यांचा सांधा खेळणाऱ्याला जाणवतही नाही. लॅगवर, म्हणजे या विलंबावर, मात करण्याची सगळी विद्या हा सांधा लपवण्यात आहे.

लॅगचा एक हिस्सा थेट निसर्गाचा आहे. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. ऑप्टिकल फायबरच्या काचेत मात्र त्याचा वेग साधारण 2 लाखांवर येतो. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे 3,900 किलोमीटर. समजा, अगदी सरळ रेषेत केबल टाकली, तरी संदेश जाऊन परत यायला 39 मिलिसेकंद लागणारच. खऱ्या केबल वळसे घेत जातात, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षातला पिंग, म्हणजे जाण्या-येण्याचा वेळ, याहून बराच जास्त येतो. आता सर्व्हर मुंबईतच असेल आणि खेळणारा पुण्यात, तर काचेतल्या जाण्या-येण्याला दोन मिलिसेकंदही पुरतात. ‘व्हॅलोरंट’ या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, याचं इथल्या गेमरना एवढं अप्रूप का, ते या हिशेबावरून कळतं.

पण सर्व्हर दूरच असेल तर? प्रकाशाला कुणी हाकू शकत नाही. इथून पुढे माणसाची बुद्धी कामाला लागते.

जून 1996 मध्ये टेक्सासच्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ने ‘क्वेक’ हा गेम आणला. त्यात कळ दाबली की आज्ञा सर्व्हरकडे जायची, हालचाल तिथे ठरायची आणि उत्तर परतल्यावरच पडद्यावरचं पात्र हलायचं. ऑफिसातल्या नेटवर्कवर हे सुरेख चाले. घरोघरच्या मोडेमवर मात्र 200-300 मिलिसेकंदांचा विलंब होई आणि पात्र जणू चिखलात पाय रुतल्यासारखं चाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच कंपनीच्या जॉन कारमॅकने ‘क्वेकवर्ल्ड’ आणून यावर तोड काढली. तुमच्या संगणकाने उत्तराची वाट न पाहता हालचालीचं गणित स्वतःच करायचं आणि पात्र पुढे न्यायचं. सर्व्हरचं उत्तर येतं ते थोड्या जुन्या क्षणाचं असतं. मग संगणक त्या क्षणापाशी जातो आणि त्यानंतर तुम्ही दाबलेल्या सगळ्या कळा भराभर पुन्हा गिरवून वर्तमानात परततो. सेकंदात कितीतरी वेळा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अंदाज चुकला तरच पात्र झटक्यात मागे खेचलं जातं. गेमर ज्याला ‘रबरबँडिंग’ म्हणतात, ते हेच.

गोळी झाडण्याचं कोडं याहून अवघड. तुम्ही नेम धरला तो शत्रूच्या जुन्या जागेवर. गोळीची खबर सर्व्हरपर्यंत पोचेतो तो आणखी पुढे गेलेला असतो. 2001 मध्ये ‘व्हॉल्व्ह’ या गेम कंपनीच्या यान बर्नियर यांनी या प्रश्नावरचा उपाय सविस्तर मांडला. सर्व्हर खेळाडूंच्या अलीकडच्या जागांची नोंद ठेवतो. गोळी सुटल्याची खबर आली की तो सगळ्यांना तुम्ही पाहत होतात त्या क्षणी नेऊन उभं करतो, नेम लागला का ते तपासतो आणि मग जग पुन्हा जागेवर आणतो. भिंतीआड पोचल्यावरही कधीकधी आपण मरतो, त्याचं कारण हेच आहे. मारणाऱ्याच्या पडद्यावर आपण अजून उघड्यावर होतो. दोघांनी पाहिलं ते आपापल्या जागी खरंच होतं.

काही वेळा दोष अंतराचा नसतो, सर्व्हरच दमलेला असतो. आइसलंडच्या ‘सीसीपी गेम्स’ने ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये त्यावर काढलेला उपाय थक्क करणारा आहे. गर्दी फार झाली की त्या जगातला काळच मंद करायचा, अगदी नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी 2014 मधली ‘बी-आर5आरबी’ची अवकाशातली लढाई अशा मंदावलेल्या काळात सुमारे 21 तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात उतरले होते.

आणि शेवटचा शत्रू आपल्याच घरात असतो. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की पिंग एकदम का चढतो? राउटर डेटाची पाकिटं फेकून देण्याऐवजी साठवत बसतो, आणि टोलनाक्यावर ट्रकांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकावी तसं गेमचं इवलंसं पाकीट त्या साठ्यामागे अडकतं. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत मांडली. रांग किती लांब आहे ते न पाहता पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहायचं, आणि थांबणं वाढू लागलं की काही पाकिटं खुशाल टाकून द्यायची. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो, तो हात आखडतो आणि रांग ओसरते. थोडं गमावल्याने सगळंच वेगवान होतं!

म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी एवढं करून पाहा. नेटचा वेग वाढला म्हणजे पिंग उतरतोच असं नाही, कारण गेमला डेटा फार थोडा लागतो. वाय-फायऐवजी लॅन केबल जोडा. गेममध्ये जवळचा सर्व्हर निवडा. खेळताना मागे चाललेली अपलोड-डाउनलोड थांबवा, आणि राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे अशी रांग आवरण्याची, सोय असेल तर ती सुरू करा. पिंग स्थिर असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष नेटचा नसण्याचीच शक्यता जास्त. आधी ग्राफिक्सच्या सेटिंग उतरवून पाहा. एवढं आपल्या हातात आहे. उरलेला विलंब लपवण्याचं काम गेम बनवणाऱ्यांनी 1996 पासून फार हुशारीने केलं आहे.