जुनी गाडी, मूळ बाज – भाग ९ : सस्पेन्शनचं उघडं लोखंड

मागच्या भागात चासीवरचं डांबर खरवडून झालं. आता सस्पेन्शन. इथे हौशी मालकांचा हात हमखास सैल सुटतो. आर्म, हब, पाटे, सगळं सुटं करून एकगठ्ठा काळ्या पावडर कोटिंगला पाठवायचं. मग गाडी जॅकवर चढवली की खालून नव्या जिमच्या सामानासारखी दिसते.

जुन्या गाड्यांतले यातले बरेच भाग कारखान्यातून बिनरंगाचे निघत. पण बिनरंगाचे म्हणजे एकाच रंगाचे नव्हेत. घडीव आर्म साधारण १२०० अंशांच्या भट्टीतून निघतो तेव्हा त्यावर निळसर करडी पापडी धरते. बिडाच्या हबवर साच्यातल्या वाळूचा खरखरीतपणा राहतो. जिथे बुश बसतो तो लेथवर कातलेला भाग पांढरा लखलखतो. बोल्ट कुठे फॉस्फेटचे काळपट, कुठे झिंकचे पिवळसर. तो भाग कसा घडला, हे त्या रंगांवरूनच कळतं.

म्हणून धुण्याआधी फोटो काढा आणि पुरावा शोधा. यू-बोल्टच्या पट्टीखाली, दोन पाट्यांच्या मधे, साठलेल्या ग्रीसच्या थराखाली नखाएवढी मूळ जागा बहुधा शाबूत सापडते. रॉकेलच्या बोळ्याने हळू पुसा, वायर ब्रश लांब ठेवा.

गंज काढायला वाळूचं ब्लास्टिंग नको. एक तर त्यात भट्टीची पापडीही उडून जाते. दुसरं, त्या धुळीने सिलिकोसिस होतो. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी तो पुरेसा भोगला आहे. त्याऐवजी मळी वापरा; बारडोलीच्या ऊसपट्ट्यात तिची ओळख करून द्यायला नको. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात आर्म बुडवून ठेवला की गंज आठवड्यांच्या हिशेबाने सुटतो. वास मात्र शेजारी सहन करतील अशी जागा बघा. पिंपात ॲल्युमिनियम टाकू नका, मळी ते खाते. आणि अधूनमधून भाग बाहेर काढून बघा. फार दिवस ठेवला तर पापडीही सुटू लागते.

साफ झालेलं लोखंड सुरतेच्या हवेत उघडं टिकत नाही. खाडीची खारी हवा आणि तापीकाठचा पावसाळा एकत्र आले की पांढऱ्या भागावर लगेच तांबूस झाक येते. त्यावर पारदर्शक लॅकर मारला तर पहिले काही महिने छान दिसतं. मग कुठेतरी खडा लागतो, तिथून ओल शिरते आणि लॅकरच्या खाली केसासारख्या तपकिरी रेघा नागमोडी सरकत जातात. तो लॅकर पुन्हा खरवडण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

त्यापेक्षा मँगनीज फॉस्फेटिंग बरं. नव्वद-पंचाण्णव अंशांच्या द्रावणात पोलादावर बारीक स्फटिक उगवतात, करडेकाळे, आणि तेल धरून ठेवतात. घडीव आर्मच्या मूळ छटेच्या हे बरंच जवळ जातं. ब्लॅकोडायझिंग करून देतो म्हणणारे उधना-पांडेसऱ्याकडे भेटतील, पण तो थर जेमतेम एक मायक्रॉनचा. तेल नसेल तर त्याचा उपयोग दिसण्यापुरताच. कातलेल्या पांढऱ्या जागा झाकून द्या आणि नंतर त्यांना मेणाचा हात फिरवा.

एका गोष्टीत मात्र हौस बाजूला ठेवा. कॉइल स्प्रिंग, पाटे आणि उच्च ताणाचे बोल्ट ॲसिडच्या टाकीत किंवा प्लेटिंगला परस्पर पाठवू नका. हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि वरून धडधाकट दिसणारी वस्तू भार पडल्यावर काडकन मोडते. बोल्टना प्लेटिंग करायचंच असेल, तर ते झाल्यावर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांना काही तास भाजून घ्यावे लागतात. आपल्या प्लेटिंगवाल्याला हे आधी विचारा; ओव्हन नाही म्हणाला तर बोल्ट परत आणा. अँबेसेडरचा टॉर्शन बार तर उघडा ठेवूच नये. ओरखड्यातून तडा सुरू होतो, म्हणून मूळ काहीही असो, तो रंगवा.

आता राहिले रबरी बुश. ते पुढच्या आठवड्यात.